सहा तासांच्या आत

हरायला काय लागतं, असं लोक सहज म्हणतात. पण आमच्या साडूभाऊंइतकं तयारीनं, रजा टाकून, महिनाभर आधीपासून भिजवलेले हरभरे खाऊन हरणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या मेहुणीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंग मशीनवर कामाला, राहायला इंदिरानगरात आमच्याच गल्लीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांनी जाड टायरची, अठरा गिअरची सायकल घरी आणली आणि तेव्हापासून दोन्ही घरांची शांतता गेली. माणूस बोलायलाही गिअरमध्ये लागला. सर्दी झाली की "आज तब्येत पहिल्यावर आहे," आणि मेहुणी रागावली की "तुमची मेहुणी आज चढाला लागलीय." सायकल रात्री दिवाणखान्यात सोफ्याला टेकून उभी असे आणि आलेल्या पाहुण्यांना सतरंजीवर बसावं लागे. मेहुणी एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, सवत बरी, ती निदान स्वयंपाकाला हात तरी लावते."

दर फेब्रुवारीत नाशिकमधली काही सायकलवेडी मंडळी दिंडोरीच्या बाजूला साठ किलोमीटरची शर्यत घेत. डांबर नावाला, बाकी सगळा माळ, कालव्याचा बांध, दगडगोट्यांची चढण आणि द्राक्षबागांमधल्या ट्रॅक्टरच्या वाटा. सकाळी सातला सुटायचं आणि एकच्या आत परत यायचं. सहा तासांच्या आत येईल त्याला प्रमाणपत्र. पहिल्या-दुसऱ्या नंबराची हाव साडूभाऊंना कधीच नव्हती. त्यांना तेवढा कागद हवा होता, आणि तो ओळीनं सात वर्षं त्यांना मिळाला नाही.

कारण त्यांचे पाय नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगतो. कारण त्यांची पिशवी होती, आणि त्याहून जास्त त्यांचा स्वभाव. पिशवीत पाने, पंप, सोल्युशन, दोन जादा ट्यूब, गूळ-शेंगदाणे, आयोडेक्स आणि कशासाठी कोण जाणे, एक नारळ. शर्यतीत कुणाचं टायर बसलं की बाकीचे "काय झालं?" असं विचारत पुढे जात. साडूभाऊ उतरत. परातभर पाणी कुठे मिळेल हे शेतावर जाऊन विचारत, ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत, पॅच लावून तो सुकेपर्यंत त्या माणसाच्या घरची चौकशी करत. एका वर्षी त्यांनी उभा केलेला गडी तिसरा आला. साडूभाऊ पोचले तेव्हा बक्षीस समारंभ होऊन मांडवाच्या कनाती गुंडाळणं चाललं होतं. परतताना मला म्हणाले, "तिसरा आला तो माझ्या पॅचवर." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मला रडू यायचं बाकी होतं. इतकी वर्षं एखाद्या माणसाला आपल्यासमोर हरताना पाहणं सोपं नसतं. आपणही हळूहळू ते धरूनच चालायला लागतो.

आठव्या वर्षी मात्र घरात वेगळंच वारं होतं. साडूभाऊंनी चव्वेचाळिशी गाठली होती, गुडघा कुरकुरत होता आणि मेहुणीनं अन्नावर हात ठेवून वदवून घेतलं होतं की ही शेवटची. त्यांनी पिशवी घरी ठेवली. नारळसुद्धा. कुणी पंक्चर होऊन बसलेला दिसला तरी थांबणार नाही, असं मला वचन दिलं, आणि ते देताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. त्या वर्षी स्वयंसेवक कमी पडले म्हणून मलाही उभं केलं गेलं, पंचेचाळीस किलोमीटरवरच्या फाट्यावर. वाटेवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं बाण काढलेले असत; पण द्राक्षांचा हंगाम, ट्रॅक्टरची ये-जा, फक्की टिकत नसे. म्हणून तिथे हातात झेंडा घेतलेला माणूस लागे. सायकली डावीकडे वळवायच्या आणि यादीतल्या नंबरावर खूण करायची, एवढंच काम.

अकराच्या सुमारास यादीत एकच नंबर उरला. साडूभाऊंचा. गेल्या सात वर्षांत ते या फाट्यावर एकच्या आधी कधी आले नव्हते. ऊन कडक होतं. समोरच्या बागेतला शेतकरी म्हणाला, "चला भाऊ, शेडात बसा, च्या घ्या. आता कोन येतंय?" मलाही तेच वाटलं. मी शेडमध्ये जाऊन चहा घेतला, खोक्यात भरायची द्राक्षं खाल्ली, बाजारभावाच्या गोष्टी ऐकल्या, आणि पाऊण तासानं, म्हणजे बाराच्या आसपास, सावकाश परत येऊन झेंडा घेऊन उभा राहिलो. एक वाजला, दीड वाजला. दोनला समोरून सायकल येताना दिसली. पण शर्यतीच्या वाटेनं नाही, उजवीकडच्या वाटेनं, उलट्या दिशेनं. साडूभाऊंच्या कपाळाला कुंकू, डोक्यावर कोरी करकरीत टोपी आणि गळ्यात टॉवेल होता.

ते साडेअकरालाच फाट्यावर आले होते. दीड तास हाताशी, पंधरा किलोमीटर बाकी आणि तीही बहुतेक उतरणीची. डावीकडचा बाण ट्रॅक्टरनं पुसला होता. उजवीकडे मात्र फक्कीचा ताजा, ठसठशीत बाण होता, वऱ्हाडाच्या गाड्या चुकू नयेत म्हणून लग्नघरानं काढलेला. साडूभाऊ त्या बाणाबरहुकूम तीन किलोमीटर गेले ते थेट मांडवात. नवरीच्या बापानं पुढे होऊन सायकलचं हँडल धरलं. "पाव्हणं, सायकलीवर आले? लय लांबून आले."

साडूभाऊंनी चूक झाल्याचं सांगितलं. म्हातारा म्हणाला, "असू द्या की. आता दारातून तसंच नाय जायचं. अक्षता टाका, दोन घास खा."

"मग निघायचं ना," मी म्हणालो.

"निघणार होतो हो," साडूभाऊ म्हणाले, "पण मंगलाष्टकं सुरू झाली. मधूनच पाठ कशी फिरवायची? पोरीचं लग्न होतं." मग पंगत, मग आग्रहाची बुंदी, मग मानपानाची टोपी-टॉवेल. सात वर्षं ज्या माणसाला कुणी साधा कागद दिला नाही, त्याचा आयुष्यातला पहिला जाहीर सत्कार परक्याच्या मांडवात झाला.

सायकलवरून उतरून त्यांनी मला एकच विचारलं, "फाट्यावर कुणी नव्हतं का हो?"

मी म्हणालो, "होतो की मी. इथंच उभा होतो."

ते वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मला आजही कळत नाही. साडूभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "म्हणजे मलाच दिसला नाहीत," असं म्हणाले आणि डावीकडे वळून उरलेले पंधरा किलोमीटर पूर्ण करायला निघून गेले. तिथे पोचले तेव्हा मैदानात कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्या वयात सगळ्यांना लागतो तसा वाचायचा चष्मा लागला, आणि साडूभाऊंनी तो निकाल म्हणून स्वीकारला. डोळ्यांवर भरवसा नसलेल्या माणसानं माळावर उतरू नये, असं स्वतःच ठरवून टाकलं. सायकल पेठकडच्या एका शिक्षकाला देऊन टाकली. सोफा मोकळा झाला. मेहुणी काही दिवस खूश होती.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कुणी शर्यतीचा विषय काढला की साडूभाऊ हसत सांगतात, "त्या वर्षी पाय होते, डोळे नव्हते. साडू समोर उभे, आणि मला दिसेनात." लोक हसतात. मी पोह्यांच्या बशीत बघतो. मागच्या दिवाळीला मात्र आम्ही दोघेच होतो, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशी फाट्यावर..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "ते मी विसरलो नाही हो. दोन वाजेपर्यंत उन्हात उभे होतात माझ्यासाठी. मी येईन असं दुसऱ्या कुणाला वाटलं होतं?"