पार्क केली की बंद

मी डूख धरते. लग्नाआधीच हे सांगून टाकायला हवं होतं, पण पत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो. कुणी वाईट वागलं की मी भांडत नाही, रडत नाही. त्याची नीट घडी करून ठेवते आणि वेळ आली की काढते. माझ्या मोठ्या दिरांसाठी ठेवलेली घडी मी दोन वर्षं जपली होती.

आम्ही हौगांगला एचडीबीच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहायचो, ते मरीन परेडला महागड्या खाजगी काँडोमध्ये. माझ्या नवऱ्याला सिंगापूरमधली पहिली नोकरी त्यांच्या ओळखीने लागली होती, आणि ती आठवण ते प्रत्येक जेवणात मिठासारखी वाढायचे. बँकेत मोठा हुद्दा, सिटिझनशिप घेतलेली, आणि नियमांवर गाढ श्रद्धा. या देशात नियम सगळेच पाळतात. भाऊजी मात्र स्वतः पाळून थांबत नसत, शेजारच्यालाही पाळायला लावत. ड्युरियनची, म्हणजे त्या उग्र वासाच्या फळाची, पिशवी घेऊन एमआरटी मेट्रोत शिरणाऱ्या एका आजोबांना त्यांनी गेटवरून परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट ते स्वतःच कौतुकाने सांगायचे.

त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही. सिंगापूरमध्ये तो गुन्हाच आहे. काँडोखाली कुणी एसी लावून गाडीत बसलेलं दिसलं की भाऊजी जाऊन काचेवर टकटक करायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "पार्क केली की बंद. एवढं साधं कळत नाही लोकांना."

एका डिसेंबरात सगळ्यांनी नॉर्वेला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. माझी आई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. सत्तरीची, गुडघे दुखणारी. "मावशींना थंडी झेपेल का?" असं त्यांनी विचारलं आणि मी हट्टाला पेटले. आईने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. शेवटी भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघं आणि आई असे पाच जण निघालो. तिकडे सगळे तीच घेतात म्हणून भाऊजींनी भाड्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली. तिची किल्ली त्यांनी पहिल्या दिवशी जी खिशात टाकली, ती पुढे कुणाच्या हातात म्हणून दिली नाही.

तिसऱ्या दिवशी वाटेत समुद्राची एक लांब चिंचोळी खाडी आडवी आली. ती ओलांडायला फेरी होती, गाड्या पोटात घेणारी, पाऊण तासाची. खलाशाने हाताने खुणा करत गाड्या इतक्या चिकटवून लावून घेतल्या की आमची डिकी उघडायला जागाच उरली नाही. आणि सगळ्यांचे जाड कोट डिकीत होते, कारण कोट घालून पाच जण गाडीत मावत नव्हते.

वरच्या मजल्यावर उबदार कॅफे होता. तिथे जायला उभा लोखंडी जिना, चौदा पायऱ्यांचा. आईने मान वर करून तो पाहिला आणि म्हणाली, "मला नाही जमायचं. तुम्ही या जाऊन, मी बसते गाडीत." मी तिच्याबरोबर थांबले.

"भाऊजी, हीटर तेवढा चालू राहू दे."

"अगं, पार्क केली की बंद."

"पण ह्या गाडीला इंजिनच नाहीये."

"नियम तो नियम. आणि उगाच बॅटरीची रेंज जाते. पुढे घाट आहे. पाऊण तासाने काय होतंय?"

त्यांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली आणि वर गेले. मागोमाग जाऊबाई. नवऱ्याने माझ्याकडे बघून 'आता काय बोलणार' असा चेहरा केला आणि तोही गेला. त्याचं मी नंतर घरी पाहून घेतलं.

सिंगापूरला हार्बरफ्रंटच्या माझ्या ऑफिसात एसी इतका गार असायचा की बारा महिने माझ्या खुर्चीवर शाल असायची. त्यामुळे थंडी मला माहीत आहे असा माझा समज होता. दहा मिनिटांत तो गेला. खालच्या लोखंडी जमिनीतून गारठा वर चढला, सीटमध्ये शिरला, पाठीत आला. आईच्या अंगावर साडी आणि पुण्याचा स्वेटर. मी माझी ओढणी तिच्या डोक्याला गुंडाळली. पायाशी चंदेरी अस्तराची पिशवी होती, एरवी मी तिच्यातून फ्रोझन पराठे आणायची. आज तिच्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. मी पुऱ्यांसकट त्या पिशवीत आईचे दोन्ही पाय घातले. मग आम्ही एकमेकींच्या काखेत हात खुपसून बसलो.

"पुऱ्या मऊ राहतील," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते.

शेजारची गाडीही इलेक्ट्रिकच होती. तिच्यात एक टक्कल पडलेला माणूस नुसत्या टीशर्टवर आरामात शब्दकोडं सोडवत बसला होता. आतले दिवे लागलेले, काच स्वच्छ. आमच्या काचा श्वासाने धुरकटल्या होत्या, त्या पुसून पुसून मी त्याच्याकडे बघत होते. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझे तळपाय बधिर झाले होते, आग थेट मस्तकातच लागली.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "अगं, वर जाऊन किल्ली आण की. मी बसते दोन मिनिटं."

"मी नाही जाणार. त्यांच्यापुढे हात पसरायला नको मला."

 आईने पिशवीतले पाय आणखी जवळ घेतले.

बोट लागली तेव्हा भाऊजी खाली आले, अंगाला लोण्याचा आणि कॉफीचा वास. "गारठा आहे नाही?" म्हणत त्यांनी गाडी सुरू केली. घाट ओलांडून चार्जरपाशी पोचलो तेव्हा एकोणीस टक्के बॅटरी उरली होती. तिथे एक बाई आपली गाडी चार्ज करत होती. तिला मी मुद्दाम विचारलं, पाऊण तासात हीटर किती खातो? तीन टक्के, ती म्हणाली, फार तर चार. मी भाऊजींकडे पाहिलं. "वाचले ना मग तेवढे," ते म्हणाले.

आईला त्याच संध्याकाळी खोकला लागला. उरलेले दिवस तिने हॉटेलच्या खोलीत काढले आणि बर्फ खिडकीतून पाहिला. सिंगापूरला परत आल्यावर डॉक्टरकडे चार फेऱ्या झाल्या. पुण्याला गेल्यावरही तो खोकला पुरता गेला नाही. फोनवर बोलता बोलता ती थांबायची, खोकत राहायची, आणि तेवढा वेळ मी भाऊजींच्या नावाने बोटं मोडायची. मला एकच गोष्ट हवी होती. चुकलं माझं, एवढं त्यांनी म्हणावं. त्याऐवजी दर दिवाळीला पाहुण्यांपुढे नॉर्वेची कथा रंगायची, घाटात एकोणीस टक्के कसे राखले त्याची. मी फराळाच्या डिशा घेऊन उभी असायची आणि हसायची.

दोन वर्षांनी भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय ताठ पट्ट्यात, गाडी चालवता येईना. जाऊबाईंना चालवता येत नव्हती, माझा नवरा कामासाठी बाहेरगावी. जाऊबाईंनी फोन केला, "यांना तपासणीला नेशील का गं?" मी इतक्या पटकन हो म्हणाले की त्यांना बरं वाटलं. तोवर सिंगापुरात तासावर मिळणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या होत्या, आमच्याच ब्लॉकखाली दोन उभ्या असायच्या. मी टॅक्सी बोलावू शकले असते. मी ती गाडी घेतली.

आई पुन्हा आली होती, नॉर्वेनंतर पहिल्यांदाच. घरी एकटी कशाला बसतेस म्हणत मी तिला पुढच्या सीटवर बसवलं. खरं कारण वेगळं होतं. तिने बघायला हवं होतं.

तपासणी झाली. परतताना बरोबर आलेल्या जाऊबाई औषधं आणायला उतरल्या. उघड्यावरचं पार्किंग, दुपारचे दोन. भाऊजी मागच्या सीटवर पाय लांब करून बसले होते. मी बटण दाबलं. एसी थांबला.

"अगं, एसी?"

"पार्क केली की बंद, भाऊजी."

ते हसले. दोन मिनिटांनी हसायचे थांबले. "निदान काच तरी खाली घे."

"रेंज जाते उगाच."

आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. कपाळावर घाम आला, मग गळ्यावर, मग शर्ट छातीला चिकटला. मीही भिजत होते, पण इतकं गोड मला फार दिवसांत काही लागलं नव्हतं. सांगायला लाज वाटत नाही. दरवाजा त्यांच्या हाताशी होता, पण दुसऱ्याच्या आधाराशिवाय त्यांना उतरता येत नव्हतं, आणि आधाराला मीच होते. सात मिनिटं झाली, आठ झाली.

मग ते आरशातून माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "फेरीवरचं आहे ना हे? चुकलं माझं. मावशी, खरंच चुकलं."

मिळालं मला. दोन वर्षं ज्याच्यासाठी थांबले होते ते अगदी त्याच शब्दांत मिळालं. आणि तरी माझं बोट बटणाकडे गेलं नाही. आणखी एक मिनिट बसू देत, असं मनात आलं.

तेवढ्यात शेजारी आई खोकली. मी वळून पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पदराने ती गळा पुसत होती. बंद गाडीत तीही होती, तेव्हाही आणि आताही. ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

"चालू कर," ती म्हणाली. "त्यांना उतरता येत नाही म्हणून ते बसलेत. तुला तेव्हा जिना चढता येत होता."