फरक दाखवणारं टूल

ओझरजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला आम्ही वजनाचा प्रोग्राम करून दिला होता. त्यांच्याकडची प्रत आणि आमच्या ऑफिसातली प्रत यांचा मेळ बसेना. दोन फायलींतला फरक दाखवणारं टूल निवडण्यात माझा आठवडा गेला. एकाचे रंग डोळ्यांत खुपायचे, दुसरं मराठी अक्षरांचे चौकोन करायचं. शेवटी तिसरं घेतलं.

"तिथं जाऊन परस्पर बदल कोणी केले, ते आज दिसेलच," मी सगळ्यांवर खेकसलो. बदललेल्या ओळीपुढे आपलं आद्याक्षर टाकायची आमच्याकडे शिस्तच आहे. ती मीच लावलेली.

दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. वेगळ्या ओळी लाल झाल्या. डावीकडे त्यांच्यापुढे माझं आद्याक्षर होतं, उजवीकडेही माझंच.

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "सर, मग यातलं बरोबर कुठलं?"

मला आठवेना.