जांभळाच्या रंगामागे लागलेले भाऊजी

नंदुरबार जिल्ह्यातली एकही रंगीत वस्तू माझ्या भाऊजींच्या तावडीतून सुटलेली नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि पीएच.डी.साठी सौरघट बनवतात. छपरावरच्या निळ्या पॅनेलसारखे नव्हेत. काचेवर पांढऱ्या पावडरीचा थर द्यायचा, त्याला फळाफुलांचा रंग पाजायचा, वर दुसरी काच ठेवून मधे आयोडीनचं द्रावण भरायचं, मग तो रंग ऊन टिपतो आणि वीज होते. होते खरी, पण इतकी थोडी, की ती वाढवण्यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली. मिरचीबाजारात लोक तिखटपणा विचारतात, तर हे पोत्यात हात घालून रंग निरखत बसायचे. तो रंग काचेने धरला नाही. भाऊजींच्या डोळ्यांनी मात्र आठवडाभर धरला. मोलगीच्या बाजारात जांभळं विकणाऱ्या बाईला त्यांनी गोडी न विचारता जिभेवरचा डाग किती वेळ टिकतो ते विचारलं. तिने मुकाट्याने टोपली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवली. ताईने एकदाच विचारलं, "जांभूय खावाकरता शेतस का काचले पाजाकरता?" भाऊजी वर्गात सांगावं तशा मराठीत म्हणाले, "दोन्हींसाठी. पण आधी काच."

शेवटी जांभळानेच हात दिला, विजेचे आकडे चढले. आणि अंतिम सादरीकरण तोंडावर आलं असताना घट मान टाकू लागले. सकाळी जोमात असलेला घट संध्याकाळी निम्म्यावर यायचा. मुदत एकदा वाढवून झालेली, पुन्हा मिळणार नव्हती. भाऊजींनी रंगाला दोष दिला, मग उन्हाला, मग स्वतःला. जेवण सुटलं. ताईने मला बोलावून घेतलं, पण मी बँकेतला माणूस. नुसता शेजारी बसून राहिलो. "इतकी वर्षं मी चुकीच्या रंगामागे धावलो असेन तर?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी टाकून द्यायला काढलेल्या एका घटात त्यांनी सहज आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडला, आणि मीटरवरचा आकडा उठून बसला. रंग शाबूत होता! दोन काचांमधलं द्रावणच कडेच्या फटीतून उडून जात होतं. भाऊजी कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. मग सगळ्या घटांच्या कडा त्यांनी नव्याने बंद केल्या. सादरीकरणात घट शेवटपर्यंत टिकला आणि परीक्षकांनी भाऊजींना 'डॉक्टर' म्हणून हाक मारली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "पोटभर जेवनात, आनी बसल्या जागी झोपनात," ती हळू आवाजात म्हणाली. "उठाडाना जीव होत नही."

मी तिला म्हणालो, त्यांना उठवू नकोस. इतक्या वर्षांत मी या माणसाला कधी झोपलेलं पाहिलंच नव्हतं, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. आणि ते किती दमले असतील, हेही.