आबांचं नाक

आमच्या गावात माझ्या वडिलांच्या नाकाला मान होता. माणसाला होता की नाही, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नाकाला मात्र होता.

नांदगाव तालुक्यात आबांची तीन एकर जमीन होती. उन्हाळ कांदा काढला की तो चाळीत भरायचा, म्हणजे वारं खेळेल अशा पट्ट्यापट्ट्यांच्या लांबट खोलीत, आणि दिवाळीपर्यंत जपायचा. पावसाळ्यात ढिगाच्या पोटात एखादा कांदा सडतो, त्याचं पाणी शेजारच्यांना लागतं आणि बघता बघता निम्मी चाळ हातची जाते. इतरांना वास येईपर्यंत खेळ संपलेला असायचा. आबांना तो आठ दिवस आधी यायचा. सकाळी ते पट्ट्यांना नाक लावत चाळीभोवती फिरायचे, एका जागी थांबायचे आणि म्हणायचे, "हितं काढा." तिथे हातभर आत सड निघायची.

मग गाव त्यांना बोलवायला लागलं. आमची बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या आळीतल्या ज्या लोकांनी आबांना कधी ओसरीच्या आत घेतलं नाही, ते भादव्यात स्वतः मोटारसायकल घेऊन आमच्या दारात उभे राहायचे. "चला, जरा नाक लावून जा आमच्या चाळीला." बदल्यात चहा, तोही वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या कपात. मला संताप यायचा. मी शिकलेली, नाशिकला शाळेत मास्तरीण. आबांना म्हणायचे, सडू द्या की त्यांचे कांदे. ते म्हणायचे, "कांद्यानं कुनाचं घोडं मारलंय?" आणि आई चुलीपाशी हसायची. "जाऊ दे गं. नाकानं कांदे सोलनारे गावात लय हायेत. नाकानं कांदे राखनारा येकच हाय."

खरं सांगायचं तर आबांना ते बोलावणं आवडायचं. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालायचे. चारचौघांत कधी मोठ्याने न बोललेला माणूस. आई मजुरीला गेली की माझी वेणीसुद्धा तेच घालायचे, इतकी घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या. असा माणूस वरच्या आळीत उभा राहून "हितं काढा" म्हणायचा आणि पाटलाची माणसं मुकाट काढायची. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांच्या शब्दाने होत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा चाळीवरचा पत्रा बदलताना आबा खाली पडले. डोक्याला मागून लागलं. तालुक्याच्या डॉक्टरने टाके घातले, आठवड्यात ते पुन्हा शेतात. त्यानंतर चाळी बघायला आईही त्यांच्यासोबत जायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, त्यांना मधूनच चक्कर येते. जोडीने प्रदक्षिणा चाललीय म्हणून गाव चेष्टा करायचं, मीही करायचे. डोक्यावर पदर घेऊन ती त्यांच्या दोन पावलं मागे असायची. मधेच खोकायची. मग आबा थांबायचे. "हितं काढा." मला वाटायचं, कांद्याच्या टरफलांची धूळ तिच्या घशात जाते. घरी आबा नासलेल्या दुधाचा चहा न बोलता पिऊन टाकायचे, भाजीवर वरून तिखट घालून घ्यायचे. हे सगळं मी सुट्ट्यांमध्ये पाहत होते. बी.एड. झालेल्या बाईला यातलं एक अक्षर वाचता आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी गणपतीच्या सुट्टीत मी गावी गेले. नाशिकच्या द्वारका चौकातून सकाळची एसटी धरली, दुपारी घरी पोचले. उंबऱ्यातच वास आला. गोडसर, कुजकट. आई चुलीपाशी बसली होती, एका पायाला फडकं गुंडाळलेलं. म्हणाली, बाभळीचा काटा भरला, हळद लावलीय. मी पिशवी ठेवली आणि आबांना म्हटलं, "आबा, चाळीत कांदा सडलाय. घरभर वास सुटलाय."

आबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "व्हय, चाळीचाच असंल."

मला तेव्हा जरा गंमतच वाटली होती. आबांच्या आधी मला वास आला! दुसऱ्या दिवशी उजाडताच आबांनी अख्खी चाळ उपसायला काढली. दोन दिवस आम्ही दोघं एकेक कांदा हातात घेऊन फिरवून बघत होतो. आई लंगडत पाणी आणून द्यायची. सगळ्या चाळीत मिळून चार-पाच कांदे खराब निघाले. आबांनी चाळ पुन्हा भरली. वास होता तसाच होता. मी म्हटलं, कपड्यांत बसला असेल, आणि तिसऱ्या दिवशी नाशिकला निघून आले.

पंधरा दिवसांनी शाळेत फोन आला. आई तापाने फणफणलीय, काहीबाही बरळतेय. मी म्हटलं, असेल तशी नाशिकला आणा. जीपमधून आणली. डॉक्टरांनी फडकं सोडलं तेव्हा शेजारी उभी असलेली नर्स नाकाला रुमाल लावून मागे सरली. आबा मात्र तो पाय दोन्ही हातांत धरून, त्यावर वाकून उभे होते. डॉक्टर चिडले. "यांना साखर आहे, माहीत नव्हतं? महिन्याभरापासून पाय सडतोय. घरात कुणालाच वास आला नाही?"

मी आबांकडे पाहिलं.

"मला वास येत नाय, डाक्टर," आबा म्हणाले. "चाळीवरनं पडलो तवापासनं."

हे ते आईशिवाय पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, आणि तेही एका परक्या माणसाला. आई मागून का खोकायची, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं; आबांसोबत राहून तिचंही नाक तयार झालं होतं. पाय गुडघ्याखाली कापला. विष वर चढलेलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली.

दवाखान्याच्या पायरीवर बसून आबा बोलले. "म्या म्हनलं व्हतं तिला, दुखतंय तर दवाखान्यात जाऊ. म्हनली, येवढा भादवा सरू द्या. मी पडून राहिले तर चाळीवर तुमच्यासंगं कोन येईल? लोकांना कळंल." मग म्हणाले, "काटाच हाय म्हनायची. मला काय कळतंय? मला तर शेणाचाबी वास येत नाय."

लोकांना कळेल! कोण हे लोक? ज्यांनी कप वेगळा ठेवला ते. त्यांच्यासमोर आबांची मान वर राहावी म्हणून ही बाई स्वतःचा पाय फडक्यात बांधून त्यांच्या चाळींना फेऱ्या घालत होती. मला तिचा राग आला, गावाचा आला, आबांचा आला. त्या रागाचं पुढे काहीच झालं नाही, कुणाला दोन शब्द सुनावलेही नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात वरच्या आळीतून मोटारसायकल आली. आबांनी दारातच सांगितलं, मला वास येत नाय. आलेल्यांना वाटलं, दुःखात आहे म्हणून बोलतोय. आणखी दोघंतिघं येऊन गेले आणि मग यायचे थांबले. आबांनी कांदा लावणं सोडलं. बाजरी पेरायचे, तीही मन लागत नसल्यासारखी. दोन-तीन वर्षांनी मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. इथे ते दिवसभर खिडकीशी बसायचे. पुढ्यात येईल ते खायचे, कशाला बरं-वाईट म्हणायचे नाहीत.

आबा गेले त्याच्या आदल्या महिन्यात, एका दुपारी, मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात धरला.

"त्या टायमाला तुला वास आलता ना," ते म्हणाले. "कुठनं येत व्हता गं? चाळीकडनं का घरातनं?"

"चाळीकडनं, आबा."

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "मंग कुनाचीच चूक नाय," आणि पेज खायला लागले.

चाळीजवळ गेलं की वास कमी व्हायचा आणि घरात आलं की वाढायचा. कांदे निवडायला बसलो त्या पहिल्याच दिवशी मला ते कळलं होतं. पण मी एकदा 'चाळीत सडलाय' म्हणून बसले होते, आणि मास्तरणीला आपलं चुकलं असं म्हणायची सवय नसते.