सर्व्हे आणि चिकटपट्टी

मंडळी, आज दुपारी इथे आखातात, खोबरच्या घरात मुलाने फोनवरचा आलेख दाखवला. "आई, युद्धाची भाषा सुरू केल्यापासून अमेरिकेत अध्यक्षांना मिळणारा पाठिंबा बघ कसा वाढतोय! निवडणूक खिशात."

मी उठून चिकटपट्टी शोधायला लागले.

आखाती युद्धाच्या वेळी याच गावात आम्ही रेडिओवर असेच सर्व्हे ऐकायचो. युद्ध हवं म्हणणारे अमेरिकन वाढले की आमचे हे म्हणायचे, "खलास." मग खिडक्यांना पट्ट्या लावायच्या, स्फोटाने काचा अंगावर उडू नयेत म्हणून.

"अगं, हा नुसता सर्व्हे आहे."

"तेव्हाही नुसता सर्व्हेच होता."

हसत हसत तो खालच्या दुकानात गेला. परतला तेव्हा हसत नव्हता.

"संपलीय. सकाळपासून सगळे चिकटपट्टीच मागतायत म्हणे."

खोबरवाल्यांनो, तुमच्या गल्लीत मिळतेय का?