फिरलेल्या छापाचा डॉलर

कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफ पेठेच्या, मागच्या बोळात चांदी आटवणाऱ्या अक्का नसत्या, तर माझा नाण्यांचा अल्बम आज माझ्याकडं नसता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझी हुशारी काहीच नाही.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली आणि ओळखीच्या ओळखीनं कोल्हापुरात पैंजणांना पॉलिश करायच्या कामाला लागलो. पहिल्याच वर्षी एका दुकानदारानं माझं दोन रुपयांचं नाणं परत सरकवलं. "पावणं, हे चालत न्हाय. एक बाजू कोरी हाय की." नंतर कुणीतरी सांगितलं, टाकसाळीत छाप नीट न बसलेली नाणी लोक हौसेनं जमवतात. ती खोटी नसतात, सरकारी यंत्रातूनच आलेली असतात, फक्त चुकलेली. मला हे ऐकून फार बरं वाटलं. का वाटलं ते कुणाला सांगितलं नाही.

मग सहा वर्षं चहावाल्याचा गल्ला, कंडक्टरची चिल्लर, देवळाबाहेरच्या फुलवाल्या, जिथं मिळेल तिथं मी नाणी उलटीपालटी करत बसलो. छाप बाजूला सरकलेला रुपया. दोन्हीकडं एकच चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं. चाळीसेक झाली. रविवारी सकाळी नाणीवाले जमतात तिथं मी अल्बम घेऊन जायचो, पण मला सगळे "पॉलिशवाला" म्हणायचे आणि चहा सांगताना माझा कप विसरायचे.

एका रविवारी मलकापूरकडचा एक विक्रेता आला. त्याच्याकडं व्यापारी डॉलर होता, इंग्रजांच्या काळात चीनकडच्या व्यापारासाठी आपल्या मुंबईत पाडलेला तो चांदीचा मोठा शिक्का. पुढं हातात त्रिशूळ घेऊन उभी बाई, मागं चिनी अक्षरं. मी तो पालथा केला आणि मागची बाजू तिरकी आली. छाप फिरलेला! शिवाय अक्षरांच्या कडेला दुसऱ्या अक्षरांची सावली. एका नाण्यात दोन चुका.

"पैसं नकोत," तो म्हणाला. "अल्बम दे. तासभर नाणं घेऊन फिर, मन घट्ट कर. तासात परत आला न्हाईस तर सौदा पक्का."

अल्बम त्याच्याकडं ठेवून मी निघालो. तपासायला नव्हे, दाखवायला. आमच्या कारखान्यातली चांदीची मोड आणि कीस मीच अक्कांकडं आटवायला न्यायचो, म्हणून पाय आपोआप तिकडं वळले.

अक्का भट्टीतली राख काढत होत्या. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, दोनदा झेललं आणि माझ्याकडं बघितलं.

"काय दिलंस ह्याला?"

"अजून काही नाही. अल्बम देणार आहे."

"सगळा?"

"अक्का, छाप फिरलाय ह्याचा. असा मिळत नाही."

त्यांनी फरशीवर नाणं टाकलं. ठक्क. मग गळ्यातली माळ काढली. मधोमध तसलाच डॉलर होता, कडी झाळलेला, म्हणजे डाख देऊन जोडलेला, त्यांच्या आईचा. तोही हळूच टाकला. त्याचा आवाज बराच वेळ फिरत राहिला. मग तराजूच्या एका पारड्यात माझं आणि दुसऱ्यात त्यांचं. त्यांचं खाली गेलं.

"तुमच्याला कडी आहे," मी म्हणालो. "कडीचं वजन."

"व्हय की. कडीचं असंल."

त्यांनी कातर घेतली आणि कडी तोडली. मी "अक्का, अक्का" म्हणेपर्यंत ती फरशीवर घरंगळत गेली होती. आता नुसती नाणी पारड्यात. त्यांचं घासून गुळगुळीत झालेलं, तरी खालीच. माझं वर.

रोज दहा तास चांदी माझ्या हातात असते. डोळे मिटूनही मी सांगू शकतो, पैंजण कुठल्या कसाचं. पण त्या नाण्यात मला फक्त चूक दिसली होती, आणि चूक दिसली की मी धातू विसरलो. साधं गिऱ्हाईक फसलं नसतं. त्यानं तिरका छाप बघून खोटं म्हणून टाकून दिलं असतं.

अक्कांनी भिंग माझ्या हातात दिलं. "अक्षरं बघ. वापरून झालेल्या साबणावानी न्हाईत? टाकसाळ चुकली तर सगळा जोर लावून चुकतीया. घाव वाकडा पडंल, पण कडा चरचरीत. हे चुकल्यालं न्हवं लेका, हे साच्यात वतल्यालं हाय, वतणाऱ्याला जमलं न्हाय."

भिंगातून तेच दिसलं. मघाशी सावली वाटलेली ती नुसती बुळबुळीत कड होती.

"पळ. किती वेळ झाला?"

मी धावलो. तास भरायला अजून थोडा वेळ होता. विक्रेत्यानं घड्याळ बघितलं, मग जमलेल्यांतल्या दोघांकडं बघितलं. "पॉलिशवाल्याला डॉलर पेलला न्हाय व्हय?" सगळे हसले. मी म्हणालो, "वजनाला कमी आहे." आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. हसणं थांबलं. एकानं नाण्याकडं हात केला, तोवर विक्रेत्यानं ते खिशात घातलं आणि अल्बम माझ्या छातीवर टेकवला. मी तिथंच उभ्यानं सगळी पानं तपासली. सगळी नाणी होती.

दुसऱ्या दिवशी अक्कांना म्हणालो, कारागिराकडून कडी झाळून आणतो, मजुरी माझी. त्या म्हणाल्या, "कारागीर माझ्या ओळखीचं काय कमी हाईत? बस गप." डॉलर त्यांनी भट्टीशेजारच्या डबीत ठेवून दिला. माळ घालतात, पण मध्ये रिकामी. बायका विचारतात तेव्हा "तुटलं" एवढंच सांगतात. कुणासाठी, ते सांगत नाहीत.

आता सुट्टीच्या दिवशी मी एका कारागिराकडं झाळायला शिकतोय. तांब्याच्या तारेवर हात बसवतोय, कारण जाळ जरा जास्त झाला तर नाणंच वितळेल, आणि मी घाबरट माणूस. वेळ लागेल. पण अक्का, ती कडी मी माझ्या हातानं बसवून देणार. तोवर डबी कुणाला उघडू देऊ नका.