अर्थिंगची पिन

एक दोष मी फार वर्षे लपवून ठेवला. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझा गिटारचा कार्यक्रम बिघडला, तो माझ्याच हाताने. बोलणी मात्र साऊंडवाल्याने खाल्ली.

रायपूर तेव्हा नुकतेच छत्तीसगडची राजधानी झाले होते. मी विजेच्या खात्यात अभियंता, लोकांना अर्थिंगचे महत्त्व समजावणारा. हौस गिटारची. इलेक्ट्रिक गिटार, आवाजाला रंग देणारी दोन पेडल्स आणि छोटासा अ‍ॅम्प्लिफायर, एवढा माझा सारा संसार स्कूटरवर मावत असे. त्या संध्याकाळी मंचामागचा बोर्ड दोन पिनांचा निघाला आणि माझा प्लग तीन पिनांचा. मी पक्कड घेतली आणि अर्थिंगची पिन पिळून तोडून टाकली.

साऊंडवाला शहराच्या भनपुरी भागातला, एरवी ट्रकांचे वायरिंग करणारा. त्याने प्लग उचलून पाहिला.

"काहून साहेब, तिसरी पिन कुठी गेली?"

"बसत नव्हती."

"मग लय घरघर करन ना ते. गाडीत दुसरा बोर्ड आहे, आणून देतो. पाच मिनिटं."

"वीज मला शिकवू नका," मी म्हणालो.

"हव," एवढेच म्हणून तो मिक्सरकडे गेला.

पडदा उघडला. तारांवरून बोटे उचलली, की मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखी घरघर. निवेदन करताना माझा ओठ माईकला लागला आणि अशी झिणझिणी आली, की मी टुणकन मागे उडालो. मागच्या रांगांना ते नृत्य वाटले असावे, टाळ्या पडल्या. उभ्या कार्यक्रमात तेवढ्याच.

कार्यक्रमानंतर मंडळाचे सचिव साऊंडवाल्यावर कडाडले, "अहो, हे काय चालवलं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी खरे सांगितले असते, तर अभियंत्याचे हसे झाले असते. "यांच्याच वायरिंगमध्ये काही असेल," मी म्हणालो. तो वायरी गुंडाळत राहिला. पुढच्या वर्षापासून मंडळाने दुसरा साऊंडवाला धरला.

अलीकडे मी समता कॉलनीतल्या घरीच रेकॉर्डिंग करतो. गिटार एका लहानशा डबीतून संगणकाला जोडायची, हेडफोन चढवायचा, दारावर रजई टांगायची आणि कूलर बंद करायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात ही तपश्चर्याच. रजईपलीकडून पत्नी विचारते, "कुकर लावू का, की शिट्टीलाही तुमची परवानगी लागेल?"

हेडफोनमध्ये बारीकशी खरखरही लपत नाही. ती शोधताना मला हटकून तो माणूस आठवे, पाच मिनिटांत बोर्ड आणून देणारा. यंदा मंडळाने पुन्हा वाजवायला बोलावले, तेव्हा पत्नीला सारे सांगितले. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "भनपुरीला जा."

गेलो. माफीचे शब्द ओठांवर येईनात. साऊंड तुम्हीच सांभाळा, एवढेच म्हणालो. तो हसला. "तुमच्या मंडळात? मले पाहून लोक कानात कापूस घालतीन ना साहेब!" तरी आला.

शंकर नगरातल्या सभागृहात लोक जमले होते. तेच सचिव, आता निवृत्त, पहिल्या रांगेतून म्हणाले, "अरे, पुन्हा यालाच आणलं? आज काय पीठ दळायचंय?" हशा पिकला. तोही मान खाली घालून हसला. ते हसणे मला सोसवेना. मी माईक हातात घेतला.

"काका, त्या वर्षी साऊंड यांनी बिघडवला नव्हता. अर्थिंगची पिन मी तोडली होती. यांनी मला आधीच सावध केलं होतं, आणि तरीही मी यांचं नाव पुढे केलं." मग मी मिक्सरकडे वळलो. "भैया, तुमचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो. सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."